थोरलीला आधी

"या वयात ऐकून करायचंय काय मोठ्या मावशीला?" भाचा म्हणाला, आणि तिथेच धाकटीचं डोकं फिरलं.

धाकटी अडुसष्ट वर्षांची होती. पण थोरली, म्हणजे ताई, अजून हयात असल्यामुळे हिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. दोघी एकाच घरात राहायच्या. धाकटीने तीस वर्षं कानाच्या दवाखान्यात श्रवणयंत्रं जुळवली होती. ताईचंही तिनेच जुळवलेलं, आणि तेही एका बैठकीत नव्हे. "भांडी टोचतात गं," असं ताई म्हणाली की तीक्ष्ण आवाज थोडे उतरवायचे, "दार वाजलेलं कळत नाही," म्हणाली की जाड आवाज थोडे चढवायचे, असं बारा वर्षं चाललं. मागच्या महिन्यात ते यंत्र दुरुस्तीला गेलं आणि सगळी जुळवणी पुसून परत आलं. कानात घातलं की शिट्टी! दवाखान्याने हात वर केले. याचा प्रोग्राम आता आमच्याकडे नाही, नवीन घ्या. नवीनही दोन दिवस लावून पाहिलं. "सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलतात," ताई म्हणाली. दोन्ही यंत्रं तिने खणात टाकली आणि बोलणंच बंद केलं. जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं ती गप्प बसली, आणि धाकटीला घर खायला उठलं.

भाच्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, त्यामुळे त्याला सगळं कळायचं. "तुझा जुना कॉम्प्युटरही रविवारी येऊन भंगारात नेतो," तो म्हणाला. "उगाच धूळ खात पडलाय."

समोर ताई भाजी निवडत बसली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ये रविवारी," धाकटी म्हणाली. "येच तू."

शुक्रवारी सकाळी तिने पदर खोचला. श्रवणयंत्र कॉम्प्युटरला जोडून जुळवायचा डबा तिच्याकडे होता. दवाखान्याने टाकून दिलेला तो डबा तिने निवृत्तीच्या दिवशी पिशवीत घालून आणला होता. अडचण अशी की त्याचा प्रोग्राम फक्त विंडोज अठ्ठ्याण्णववर चालायचा, आणि ताईची बारा वर्षांची जुळवणी होती पेन ड्राइव्हवर. अठ्ठ्याण्णवला पेन ड्राइव्ह म्हणजे काय हेच माहीत नाही. नंतर निघालेल्या एक्सपीला ते माहीत, पण एक्सपीवर प्रोग्राम उघडत नाही. म्हणजे दोन्ही हवीत, आणि एकाच कॉम्प्युटरवर.

एक्सपी आधीपासून होतंच. शेजारी जागा करून तिने अठ्ठ्याण्णव घातलं, बटण दाबलं, तर कॉम्प्युटर थेट अठ्ठ्याण्णवमध्ये! एक्सपीचा मागमूस नाही. भाच्याला फोन करावा असं क्षणभर वाटलं. मग त्याचं ते वाक्य आठवलं आणि तिने फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

जेवताना तिला उमगलं. थोरलीला, म्हणजे जुन्या अठ्ठ्याण्णवला, आधी बसवायला हवं होतं. धाकटी मागून आली की थोरलीला सांभाळून घेते. थोरली मागून आली तर कोण आहे, कोण नाही हे न बघता सगळ्या घराचा ताबा घेते. हे आपल्याला कळू नये? जन्म गेला की यात!

तिने सगळं पुसलं. डिस्कचे दोन भाग केले, पहिला असा की दोघींनाही वाचता येईल. अठ्ठ्याण्णव घालायला घेतलं, तर ते मध्येच अडून बसलं. त्याला इतकी मेमरी झेपत नव्हती. तिने झाकण उघडून मेमरीची एक पट्टी उपसली. "घे बाई, तुझ्या तब्येतीला सोसेल एवढंच." मग दुसऱ्या भागात एक्सपी. शनिवारी दुपारी काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, वर एक्सपी आणि खाली अठ्ठ्याण्णव. कोणती हवी, असं कॉम्प्युटर विचारत होता. धाकटीने एकटीनेच टाळी वाजवली.

एक्सपीत शिरून तिने ताईची फाइल पहिल्या भागात ठेवली, कॉम्प्युटर पुन्हा चालू करून अठ्ठ्याण्णव निवडलं, डब्याचा प्रोग्राम घातला, जुनं यंत्र डब्याला जोडलं आणि जुळवणी त्यात उतरवली. ते घेऊन ती ताईसमोर उभी राहिली. ताईने मान हलवली. नको. धाकटीने हात पुढेच धरला. पाच मिनिटं झाली, खांदा भरून आला, तरी तिने हात खाली घेतला नाही. शेवटी ताईने वैतागून यंत्र कानात घातलं.

"नळ गळतोय," ताई म्हणाली.

"आठवडा झाला."

"मग दुरुस्त करून घ्यायला काय धाड भरली होती?"

धाकटीला रडू फुटलं. इतकं गोड कुणी तिला कधी झापलं नव्हतं.

रविवारी भाचा रिकामं खोकं घेऊन आला. ताईच्या कानाशी वाकून तो ओरडला, "मोठी मावशी, बरी आहेस ना?"

"ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?"

तो दोन पावलं मागे सरकला.

"या वयात ऐकून काय करायचंय, असं विचारत होतास ना परवा? ओठ हलले की कळतं मला. आता नीट ऐक. काय ऐकायचं ते मी ठरवीन. नको असेल तेव्हा यंत्र मीच काढून ठेवीन. आज तू येणार म्हणून काढणारच होते, पण म्हटलं, एकदा तुझ्या तोंडावर सांगून घ्यावं."

"मावशी, मी आपलं तुझ्या भल्यासाठी..."

"आणि त्या कॉम्प्युटरला हात लावशील तर याद राख. खोकं घेऊन जा तुझं."

दार लागलं. ताईने कान टवकारले. "दार छान वाजलं गं. भांडी मात्र अजून जरा टोचतात."

"बघते," म्हणत धाकटी उठली. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि तिने खालची निवडली.