मामांचे कान

मोएतीमामांना ऐकू येत नाही, हे दोन वर्षं फक्त मला ठाऊक होतं. आणि मामांना. आम्ही दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता.

बाकी सगळ्या गावाला आणि देशोदेशीच्या पाहुण्यांना मामांच्या कानांचं भारी कौतुक. पाणघोडा पाण्याखाली कूस बदलतो तेसुद्धा त्यांना ऐकू येतं म्हणे! पाहुणे घरी जाऊन तसं लिहायचे, ते वाचून नवे यायचे आणि उतरल्या उतरल्या विचारायचे, "तो कानवाला नावाडी कुठाय?" ही थाप माझी होती. तोंडाने मी ती कधीच मारली नाही. माझ्या होडीने मारली.

लव्हाळ्यातल्या वाटा अरुंद, एका वेळी एकच मोकोरो, म्हणजे आमची निमुळती होडी, जाईल एवढ्या. त्या पाणघोड्यांनीच पाडलेल्या. आम्ही मागे उभं राहून लांब काठीने होडी रेटत एकामागे एक जातो. सर्वांत पुढे वयाने मोठा, त्याच्या होडीत फक्त तंबू आणि गाठोडी. त्याच्या पुढे कुणी होडी काढत नाही. काढली तर त्याचा अर्थ एकच, म्हातारा संपला. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर मला पुढून फुस्स आवाज आला आणि मामा थांबेचनात. घाबरून माझी काठी जोरात बसली, माझ्या होडीचं टोक त्यांच्या होडीला मागून धडकलं. मामा थांबले. पुढे दहा हातांवर पाणघोड्याचं डोकं वर आलं. मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहून आपल्या कानावर बोट ठेवलं आणि हसले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून तसंच चालू होतं. एक धक्का म्हणजे थांबा. दोन म्हणजे मागे या. मी का करत होते? गावातले बाप्ये "बाई आणि काठी?" म्हणून दात काढत होते तेव्हा मामांनी मला काठी धरायला शिकवली होती. आई गेल्यावर मला आणि माझ्या धाकट्या भावाला, थुसोला, त्यांनीच वाढवलं. बहिऱ्याला कोण नावाडी ठेवणार? होडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं त्यांना. आणि खरं सांगायचं तर मला त्या धक्क्यांचा थोडा गर्वही झाला होता. सगळा गाव ज्या कानांना मानत होता, ते कान माझे होते.

ती फेरी ऑक्टोबरमधली. पाणी पार आटलेलं, ऊन असं की काठी हाताला चटके देत होती. पाण्याबरोबर पाणघोड्यांची जागाही आटते, मग मोठे नर हरलेल्यांना हाकलून लावतात. पाहुणे दोघंच, म्हातारा शिक्षक आणि त्याची बायको. दोघं माझ्या होडीत. मागे थुसो भांडी घेऊन. पहिल्याच दिवशी, बेटाच्या अलीकडे पडलेल्या उंबराच्या वळणावर, मला तो ऐकू आला. एक कान फाटलेला, पाठीवर ताज्या जखमा, एकटा. मी धक्का दिला, मामा थांबले. तासभर आम्ही लव्हाळ्यात गप बसून राहिलो, तेव्हा कुठे तो बाजूच्या डोहात उतरला.

"काय कान आहेत मामांचे!" थुसो मागून म्हणाला. "ताई, तुझ्या नाकासमोर होता, तरी तुला कळलं नाही."

"नाही बाबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बेटावर मामा पाहुण्यांना चालत घेऊन निघाले, मी मागे. थुसो तळावर मासे आणि कमळाची मुळं शिजवत होता. जमिनीवर होडी नसते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झुडपात रानरेडा फुरफुरला. पाहुण्यांनासुद्धा ऐकू आलं, ती दोघं जागच्या जागी थिजली. मामा आपले चालतच होते. मी धावत जाऊन त्यांचा सदरा धरला आणि मागे खेचलं. सदरा टर्रकन फाटला. रेडा आमच्याकडे बघत उभा राहिला आणि मग नशिबाने वळला. तळावर येईपर्यंत पाहुणीची नजर मामांच्या कानांवरून हलत नव्हती.

दुपारी मामा होड्यांपाशी एकटे बसले होते. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. ओठ दिसल्याशिवाय त्यांना कळत नसे.

"मामा, पुरे आता. ही शेवटची फेरी. घरी गेल्यावर तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी सांगणार नाही."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

मामांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या मुस्काटात मारली होती. "तू मला शिकवणार? काठी उलटी धरायचीस तू! दोन वर्षं माझ्या होडीला ढुशा देतेस, वाटलं पोरीचा हात कच्चा आहे, सोडून दे. उद्या तू सगळ्यात मागे यायचं. पाहुणे थुसोच्या होडीत. तुझी होडी माझ्या होडीजवळ दिसता कामा नये."

"मामा, तो उंबरापाशी आहे अजून—"

त्यांनी मान फिरवली. मान फिरवली की संपलं, मग मी कितीही ओरडले तरी भिंतीशी बोलल्यासारखं.

थुसो चुलीपासून ओरडला, "काय चाललंय तुमचं? कशावरून भांडताय?"

इथे मी सांगायला हवं होतं. माझा भाऊ समोर उभा होता, हातात पळी, चेहऱ्यावर धूर. एक वाक्य पुरलं असतं. पण मामा पाठ करून बसले होते, फाटक्या सदऱ्यातून त्यांची खांद्याची हाडं दिसत होती.

"मिठावरून," मी म्हटलं. "मामा म्हणतात, तू मीठ जास्त घालतोस."

"स्वतः चूल पेटवा म्हणावं," थुसो म्हणाला.

सकाळी होड्या भरल्या. माझी आणि थुसोची अदलाबदल झाली.

"काय गं, आज तू शेपटाला?" थुसोने विचारलं. "काय गुन्हा केलास?"

मामा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मला वाटलं, विनवणी करताहेत. ते चुकीचं असेल, मी त्यांच्याबद्दल नेहमी चांगलंच बघत आले. मी ठरवलं की थुसोच्या अगदी मागे राहायचं, काही ऐकू आलं की त्याला ओरडून थांबवायचं. मामांची होडी हलकी, ते निसटतील. असा मी हिशेब केला. कसला हिशेब!

"अंतर ठेव रे मामांपासून," एवढंच थुसोला म्हटलं.

"अंतर कशाला? मामांच्या मागे म्हणजे देवाच्या मागे," तो म्हणाला आणि काठी मारली.

शेवटच्या होडीवाल्याने चूल विझवायची, राख पुरायची, तळ झाडायचा, हा आमचा नेम. मामा तेवढंही थांबले नाहीत. मी हातांनी राखेवर माती ओढत होते, निखारे पुन्हा पुन्हा वर येत होते, तोवर दोन्ही होड्या लव्हाळ्यात शिरल्या. तशीच उठून मी तळाजवळच्या उंच वारुळावर चढले. पाणी खाली गेल्यामुळे लव्हाळ्याच्या वर दोन माणसं उभी दिसत होती: पुढे मामांची टोपी, मागे थुसोचा लाल सदरा. आज अंतर फार कमी होतं.

उंबराच्या फांद्यांवरून बगळे एकदम उडाले. मग तो आवाज आला, फुस्स, माझ्यापर्यंत, एवढ्या लांब.

मामांची टोपी थांबली नाही.

"थुसो!" मी घसा फाडून ओरडले. "थांब! मागे फिर! मामांना ऐकू येत नाही! थुसो, मामा बहिरे आहेत!"

थुसो वळला. त्याने मला पाहिलं. कानाला हात लावून त्याने मामांची नक्कल केली, पुढे मामांच्या टोपीकडे बोट दाखवलं आणि हसला. त्याचं हसणं मला इथून दिसत होतं. त्याने पुन्हा काठी उचलली.

मामांची होडी उंबरापलीकडे गेली. पाणी एकदम फुगलं आणि लाल सदरा दिसेनासा झाला.

मी कशी पोचले ते आठवत नाही. पाहुणे दोघं लव्हाळ्याच्या मुळांना धरून गळ्याइतक्या पाण्यात होते, ओरडतही नव्हते. उलटी होडी मधोमध मोडलेली. पाणघोडा डोहात निघून गेला होता, त्याला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला फक्त वाट हवी होती. थुसो फांद्यांत अडकला होता. मी सगळी भांडी पाण्यात फेकली आणि तिघांना होडीत घेतलं. पाणी काठाला लागत होतं. शिक्षकाने थुसोचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या बायकोने आपल्या रेनकोटने त्याचं पोट दाबून धरलं. अर्ध्या वाटेत तिने हात काढून घेतले आणि तोच रेनकोट त्याच्या तोंडावर ओढला.

"आम्हीही ऐकलं होतं," ती मोडक्यातोडक्या भाषेत मला म्हणाली. "मी त्याला म्हटलं, काहीतरी आहे. तो म्हणाला, घाबरू नका. जवळ असतं तर मामा थांबले असते."

पुढे बराच वेळ मामा कुठेच दिसले नाहीत. एका ठिकाणी पाणी सरळ जातं, तिथे खूप लांबवर त्यांची टोपी दिसली. काठी वर, काठी खाली, एका लयीत. सकाळी निघताना मान फिरवली होती, ती त्यांनी अजून वळवली नव्हती.

गावच्या धक्क्यावर नेहमीची गर्दी होती. धुणं धुणाऱ्या बाया, जाळी सांधणारे म्हातारे, पुढच्या पाहुण्यांची वाट बघणारे नावाडी. मामांनी आपली होडी ओढून सामान उतरवलं होतं आणि सावलीत चहाचा मग घेऊन बसले होते. आमची होडी पाहून ते उठले. कपाळावर हात धरून त्यांनी आमच्या मागे पाहिलं, वाटेकडे.

"एवढा वेळ?" ते म्हणाले. "आणि थुसो कुठे राहिला?"

मी होडीतून उतरले. गुडघ्याएवढ्या पाण्यात त्यांच्यासमोर उभी राहिले, म्हणजे माझे ओठ दिसतील. पण माझे ओठ थरथरत होते आणि त्यांना ते वाचता येईनात.

"थुसो गेला," मी म्हटलं.

"काय?"

"थुसो गेला, मामा."

"मोठ्याने बोल ना, पोरी," मामा म्हणाले.

मोठ्याने म्हणाले ते. सगळ्यांसमोर. धुण्याचे हात थांबले. नावाडी मामांकडे बघायला लागले, मग माझ्याकडे, मग होडीतल्या रेनकोटकडे. मी छातीत होता तेवढा श्वास घेतला आणि माझा भाऊ मेला हे तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं.