सहा बराकींचा एक पंखा

मी उभा पंखा. उभा म्हणजे जन्मभर उभाच. टेकायची सोय माझ्या घडणीतच नाही. खाली चार चाकं, मधे लोखंडी दांडा आणि वर जाळीत बसवलेली तीन पाती. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर 'घरोघरी गारवा' असं छापलेलं होतं. मला वाटलं, एखाद्या नव्या संसारात जाईन, तिथल्या बाळाला झोपवीन. पण माझी रवानगी थेट तुरुंगात झाली, आणि तीही काही गुन्हा न करता.

तुरुंगात सहा बराकी होत्या. बराक म्हणजे लांबलचक खोली, डोक्यावर पत्रा आणि आत जागेच्या दुप्पट माणसं. उन्हाळ्यात आत श्वास घेणं हीच शिक्षा, आणि ती कुठल्याही न्यायालयाने सुनावलेली नसते. म्हणून वरून दर बराकीला एक, असे सहा पंखे मंजूर झाले. कागदावर सहाही आले. प्रत्यक्षात आलो मी एकटा. माझी पाच भावंडं वाटेत कुठे गळाली ते मला ठाऊक नाही; ज्यांना ठाऊक आहे ते बोलत नाहीत.

आणि मीही बराकीत गेलो नाहीच. मला अधीक्षकसाहेबांच्या बंगल्यावर ठेवलं. बाईसाहेबांची पुसलेली फरशी वाळवणं, साहेबांच्या सासऱ्यांच्या नाकावरच्या माशा उडवणं आणि रविवारी साहेबांचा कलप सुकवणं, ही माझी कामं. कलप सुकेपर्यंत साहेब माझ्यासमोर डोळे मिटून असे बसत, जणू तपश्चर्याच चालली आहे. काळा एक ठिपका माझ्या जाळीवर अजून आहे.

पाहणीचा दिवस आला की मात्र माझा भाव वधारायचा. न्यायाधीश आणि दोन-चार प्रतिष्ठित मंडळी तुरुंग बघायला येत. त्या दिवशी पहाटे मला घासूनपुसून पहिल्या बराकीत उभं करत. पाहुणे आत येत, माझा वारा खात, समाधानाने मान डोलवत. ते बाहेर पडले की त्यांना आधी भाजीचे वाफे दाखवायचे. तेवढ्यात दोन शिपाई मला मागच्या बोळातून ढकलत दुसऱ्या बराकीत नेत. दुसरीनंतर पाहुण्यांना पुस्तकांचं कपाट, तिसरीनंतर भिंतीवरचे सुविचार. असा मी सहाही बराकींत पाहुण्यांच्या आधी हजर. चाकांचे खिळे ढिले व्हायचे, पण काम चोख!

साहेब मोठ्याने विचारत, "सगळं ठीक आहे ना?" कैदी एका सुरात म्हणत, "हो साहेब!" आणि मी त्यांच्या मागे उभा राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान हलवत असे. इतकं स्पष्ट 'नाही, नाही' म्हणणारा साक्षीदार दुसरा नसेल. पण पंख्याच्या बोलण्याकडे लक्ष कोण देतो?

चौथ्या बराकीत एक शिंपीकाका होते. शेजाऱ्याशी भांडताना त्यांनी कात्री उगारली होती. कापली गेली ती फक्त हवा, पण खटला उभा राहिला आणि तारखा पडत गेल्या. काकांना दमा होता. दुपारी पत्रा तापला की ते गजांना तोंड लावून बसत आणि माशासारखं तोंड उघडमीट करत. पाहुणे येत तेवढाच वेळ त्यांना माझा वारा मिळायचा. एकदा मला ओढून नेत असताना त्यांनी माझी वायर हळूच धरली आणि म्हणाले, "थांब की रे जरा."

शिपाई म्हणाला, "काका, सोडा. तो ड्यूटीवर आहे."

मला त्या शिपायाचा आणि त्याच्या साहेबांचा असा संताप आला की पाती निखळतील असं वाटलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी तालीम व्हायची. कोणी काय बोलायचं ते हवालदार घोकून घेई. काकांच्या वाट्याला वाक्य होतं, 'हा पंखा आल्यापासून छातीवरचं ओझं उतरलं, साहेब.' जो चुकेल त्याची मुलाखत बंद, म्हणजे घरच्यांना भेटणं बंद. काकांना भेटायला दर शनिवारी त्यांची नात येत असे. त्यामुळे काकांचं पाठांतर सगळ्यांत पक्कं.

मग ती पाहणी आली. या वेळी पाहणी करणाऱ्या मंडळात एक वकीलबाई नव्या होत्या. कैद्यांच्या हालांबद्दल त्यांनी इतके अर्ज केले होते की शेवटी कंटाळून त्यांनाच मंडळात घेतलं होतं. बाई ठेंगण्या, आवाज मऊ, आणि नजर मात्र बाजारात वांगी निवडणाऱ्या बाईसारखी.

पहिल्याच बराकीत घोटाळा झाला. न्यायाधीशसाहेब घामाने निथळत होते. त्यांनी ओला रुमाल माझ्या जाळीवर वाळत टाकला आणि तिथेच विसरून गेले. शिपायांनी घाईघाईत मला रुमालासकट दुसऱ्या बराकीत पोचवलं. न्यायाधीशसाहेब आत आले आणि थबकले.

"अरेच्चा! हा माझा रुमाल! माझ्या आधी इथे कसा?"

अधीक्षकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण माणूस मुरलेला. म्हणाले, "साहेब, आमचे कर्मचारी फार तत्पर आहेत. आपली गैरसोय नको म्हणून पुढे आणून ठेवला."

"वा! शाबास!" म्हणत न्यायाधीशसाहेबांनी रुमाल खिशात घातला. वकीलबाईंनी मात्र माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चाकांना बोळातला ओला चिखल लागला होता.

तिसऱ्या बराकीत त्यांनी एक खुर्ची ओढली, माझ्या शेजारी ठेवली आणि ऐसपैस बसल्या.

"तुम्ही व्हा पुढे. माझे गुडघे दुखताहेत. मी बसते इथेच, पंख्यापाशी."

"बाई, पुढच्या बराकीत हवा याहून छान आहे," अधीक्षकसाहेब म्हणाले.

"मला हीच मानवली."

"मग निदान खुर्ची तरी त्या बाजूला... तिकडे सावली आहे."

"खोलीत सगळीकडेच सावली असते हो, साहेब." असं म्हणून बाईंनी माझा दांडा धरला, गर्दीत आई पोराचं मनगट धरते तसा. दोन शिपाई दारात नुसते उभे. एकाने दबक्या आवाजात दुसऱ्याला विचारलं, "आता?" दुसरा म्हणाला, "आता देवाचं नाव घे."

पाहुणे चौथीत पोचले. मधल्या भिंतीला वर झरोका होता, त्यातून सगळं ऐकू येत होतं. अधीक्षकसाहेबांना प्रश्न विचारायचा धीर नव्हता, पण तालमीत तयार झालेले कैदी कुठले थांबतायत? शिंपीकाकांनी रिकाम्या कोपऱ्याकडे हात करून खडखडीत आवाजात म्हटलं, "हा पंखा आल्यापासून छातीवरचं ओझं उतरलं, साहेब!"

न्यायाधीशांचा आवाज आला. "कुठला पंखा?"

"हा... हाच, साहेब."

तेवढ्यात बाई उठल्या. त्यांनी माझी वायर खांद्यावर टाकली आणि मला स्वतः ढकलत चौथ्या बराकीत नेलं, पुढच्या दाराने! इतक्या वर्षांत पुढचं दार मी पहिल्यांदाच पाहिलं. काका घामाने भिजले होते, हात अजून त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच होता.

बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. गुडघे दुखत नव्हते हे तेव्हा सगळ्यांना कळलं. "काका, शनिवारी तुमची नात येते ना? या शनिवारी मी दारात उभी राहणार आहे. तिला कोण अडवतो ते बघते. आता खरं सांगा. पंखा आहे का?"

काकांनी आधी अधीक्षकसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला वाटलं, गिळतील शब्द. मग म्हणाले, "आहे ना, बाई. पण तो पाहुण्यांबरोबर येतो आणि पाहुण्यांबरोबर जातो."

न्यायाधीशसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छताला पंखे लागेपर्यंत मंडळाची बैठक याच बराकीत भरेल. भर दुपारी. अधीक्षक, तुम्हीही यायचं." दोन बैठका झाल्या. तिसरीआधी पाच बराकींच्या छतांना पंखे लागले, ढकलून नेता न येणारे.

अधीक्षकसाहेबांवर खटला भरला आणि पुरावा म्हणून मला अटक झाली. गळ्यात चिठ्ठी, दांड्याला लाखेचा शिक्का, न्यायालयाच्या कोंदट कोठारात मुक्काम. माझ्या उजवीकडे एक चोरीची सायकल आहे, डावीकडे एक कुऱ्हाड. कुऱ्हाड कोणाशी बोलत नाही.

परवा माझी पेशी झाली. शिंपीकाका साक्षीला आले होते. ते निर्दोष सुटले होते आणि त्यांनी स्वतः शिवलेला सदरा घातला होता. साहेबांचे वकील गरजले, "असे पंखे बाजारात ढिगाने मिळतात! हाच तो कशावरून?"

काका म्हणाले, "चालू करून बघू द्या."

मला सुरू केलं. काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले. डोळे मिटले. सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. वारा छातीवर घेत राहिले. सगळं न्यायालय वाट बघत होतं. वकील म्हणाले, "ओळखलं की नाही?"

"ओळखलं तर. पण साक्ष आहे, साहेब. घाई नको. जरा नीट खात्री करून घेतो."

त्यांना कोणी बाजूला ओढलं नाही. मी माझ्यात होता नव्हता तेवढा वारा त्यांना दिला.

पुढची तारीख पडली. मी परत कोठारात आलो. सहाव्या बराकीचा पंखा अजून मंजुरीत अडकला आहे म्हणे, आणि उन्हाळा दाराशी आला आहे. वाचकहो, न्यायालयात तुमची कोणाशी ओळख असेल तर माझं एवढं काम करा. सगळे जण तुरुंगातून सुटायला अर्ज करतात, माझा अर्ज आत जाण्यासाठी आहे. मला सहाव्या बराकीत जन्मठेप द्या. आणि ती पूर्ण भोगू द्या.