झोपलेल्या बाळाचे तास

मावशींचं पत्र आजोबांनी चार महिने पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं, उत्तर मात्र दिलं नव्हतं. या मावशी त्यांच्या नातवाला सांभाळायच्या. काम सोडल्यावर त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या सूनबाई रोज दोन तास उशिरा यायच्या. त्या वेळात बाळ झोपलेलं असायचं, म्हणून त्या वेळेचे पैसे धरायच्या नाहीत. तुम्ही समोरच वाचत बसलेले असायचात. मी तेव्हा कामावर होते की नाही, एवढंच सांगा."

आजोबांनी चाचरत सुनेजवळ विषय काढला होता.

"अहो बाबा, झोपलेल्या बाळाजवळ बसायचे कसले पैसे? आणि मावशी काय परक्या आहेत?" ती हसली, तसं त्यांनी पुन्हा पुस्तकात डोकं खुपसलं. मावशींनी काम सोडल्यापासून बाळ आजोबांच्या गळ्यात पडलं होतं.

काल संध्याकाळी बाळ त्यांच्या हातावरच झोपलं. हाताला मुंग्या आल्या, चष्मा टेबलावर राहिला, पाण्याचा घोटही घेता येईना. दोन तासांनी सून आली.

"झोपलाय होय? मग काय, आज तुमची मजाच!"

आज आजोबांनी स्वतःच्या पेन्शनमधून त्या सगळ्या तासांचा मावशींच्या नावे चेक लिहिला. सोबत चिठ्ठी जोडली : "तुम्ही कामावर होतात. मला दिसत होतं." सुनेला हे सांगायची हिंमत त्यांना आजही झाली नाही. भाजी आणतो म्हणून ते बाहेर पडले आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.