माझ्यावर आता फक्त सह्या होतात

मित्रांनो, मी एक जुने गोल टेबल आहे. जुन्या वस्तू शांत आणि समजूतदार असतात, असा तुमचा समज असेल तर तो इथेच सोडा. मी संतापलेले आहे आणि संतापातच माझी गोष्ट सांगणार आहे.

मी जन्मले तेव्हा आमचे परकीय भाषा विद्यापीठ म्हणजे एका छापखान्याच्या माडीवरच्या तीन खोल्या होत्या. खाली यंत्रांचा खडखडाट, वर उच्चारांचा. मोडीत निघालेल्या दोन दारांपासून सुताराने मला घडवले. तो म्हणाला, "चौकोनीच करतो की, लाकूड वाया जाणार नाही." तेव्हा बाई अगदी तरुण होत्या. नदीपलीकडच्या देशाची भाषा त्या शिकवत. त्या म्हणाल्या, "नको हो. चौकोनी टेबलाच्या टोकाला जो बसतो ना, तो एकटाच बोलत राहतो." सुतार हसला आणि मी गोल झाले.

माझ्याभोवती एक नियम होता. माझ्यावर हात टेकला की शिकत असलेल्या भाषेतच बोलायचे. मायबोली दाराबाहेर, ओल्या छत्र्यांशेजारी. कुणाची जीभ घसरली तर त्याने उभे राहून नव्या भाषेत एक विनोद सांगायचा. तो विनोद हमखास फसे, आणि फसला म्हणूनच सगळे पोट धरून हसत. माझ्यावर शाई सांडली, कोपरे घासली, कुणी कंटाळून पेनाने रेघाही ओढल्या. तेव्हा मी फार सुखात होते.

मग विद्यापीठ वाढले. वाढ कुणाला नको असते? पाच मजली इमारत उभी राहिली, दोनाच्या अकरा भाषा झाल्या, लांबलांबून विद्यार्थी आले. मलाही आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण नव्या कुलगुरूंनी मला वर्गातून उचलून स्वागतकक्षात आणले. रेघा घासून काढल्या, वर काच बसवली, काचेवर इवलेइवले झेंडे मांडले. आता परदेशी पाहुणे येतात, माझ्यावर करारांच्या सह्या करतात, हात मिळवतात आणि जेवायला जातात. उठता-बसता माझी स्तुती होते, पण माझ्याजवळ बसायला मात्र कुणालाच परवानगी नाही!

बाईंचा वर्ग माझ्या समोरच्या खोलीत भरे. विद्यार्थी मोजकेच. त्यांत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या. त्या म्हणत, "पलीकडून बायका बाळंतपणाला येतात. कळा कधीपासून येतायत एवढं तरी विचारता यायला नको का?"

एके दिवशी कुलगुरूंनी बाईंना माझ्याजवळच गाठले. "बाई, तुमचा वर्ग बंद करतोय. या भाषेला मागणी नाही. आपला दृष्टिकोन आता आंतरराष्ट्रीय हवा."

"अहो, नदीपलीकडे दुसरा देशच आहे की, सर."

"आहे ना. पण फारच जवळ आहे तो."

मित्रांनो, मला पाय चार आहेत, पण लाथ मारता येत नाही. त्या दिवशी त्याचे फार वाईट वाटले.

शेवटच्या तासाला सिस्टर धावतपळत आल्या. सोबत पलीकडची एक म्हातारी होती. तिची सून दवाखान्यात अडली होती आणि मूल आडवे होते. ऑपरेशन म्हणजे काय हे म्हातारीला समजत नव्हते, आणि तिची समजूत पटल्याशिवाय सून तयार होईना. सिस्टरांची शब्दांची शिदोरी तिथे संपली होती. त्यांनी झेंडे बाजूला सारले आणि म्हातारीला माझ्याजवळ बसवले.

"ओ सिस्टर, उठा, उठा!" पहारेकरी ओरडला. "ते फोटोचं टेबल आहे!"

"मग काढा फोटो!" सिस्टर म्हणाल्या. "आधी बाईंना बोलवा."

बाई आल्या आणि मागोमाग सगळा वर्ग. बाईंनी म्हातारीचे हात धरून सगळे सावकाश सांगितले. मुलेही मोडक्यातोडक्या भाषेत धीर देऊ लागली. एकाचा उच्चार इतका वाकडा गेला की ती रडतारडता हसली. मग तिने मान हलवली आणि सिस्टर तिला घेऊन निघणार, तोच कुलगुरू पाहुण्यांसह आत आले.

आता गडगडाट होणार, असे मला वाटले. पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुलगुरूंनी क्षणभर डोळे मिचकावले आणि मग छाती फुगवून ते म्हणाले, "हाच तो आमचा आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन!" फोटो निघाला. मला वाटले, वर्ग वाचला. बाईंनाही तसेच वाटले असावे, कारण त्या कितीतरी दिवसांनी हसल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत सोफे आले. बाईंना निरोपाचा गुच्छ मिळाला. आणि फाटकावर घराएवढा फलक लागला. त्यावर तोच फोटो, बाई, सिस्टर, म्हातारी आणि मी, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सीमा ओलांडणाऱ्या भाषा शिका'. ज्या वर्गाचा गळा घोटला, त्याचाच फोटो लावून नवे विद्यार्थी बोलावतात! याला निर्लज्जपणा म्हणू नये तर काय म्हणावे?

काल ती म्हातारी एकटीच आली. कुशीत नातू होता. फलकाकडे बोट दाखवून ती पहारेकऱ्याला काहीतरी विचारू लागली. त्याने कारकुनाला बोलावले, कारकुनाने प्राध्यापकांना. वरून चार प्राध्यापक उतरले. अकरा भाषा मिरवणाऱ्या त्या इमारतीत एकालाही तिचा एक शब्द कळेना. शेवटी कुलगुरूंनी तिला एक रंगीत माहितीपत्रक दिले आणि नमस्कार केला.

मित्रांनो, माझी निगा राखायची असेल तर मला फडके आणि पॉलिश नको. माझ्यावरची काच काढा आणि शेजाऱ्याची भाषा बोलणारे एक तरी माणूस माझ्याजवळ बसवा. म्हातारी काय विचारत होती ते मला कळत होते. ती म्हणत होती, "याला बाईंच्या मांडीवर ठेवायचं आहे. बाई कुठं आहेत?"