बोटांतला जोर

राजाराम तावड्याच्या ऑर्केस्ट्रात अक्कल सोडून सगळं होतं. चकचकीत शर्ट होते, धूर सोडायचं मशीन होतं, रिहर्सलला मालाडच्या मंडळाचा हॉल होता. शिवाय वसुधा होती. पंच्याऐंशी सालात बेस गिटार वाजवणारी मुलगी पोस्टरवर छापली की तिकिटं खपतात, एवढं राजारामला कळत होतं. बेस म्हणजे काय, हे कळून घ्यायची गरज त्याला कधी वाटली नाही.

दिवाळीपासून तिचा आवाज बसायला लागला. तिचा म्हणजे तिच्या गिटारला जोडलेल्या, ऑर्केस्ट्राच्या जुन्या ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्प्लिफायरचा. पण हा फरक करायला डोकं लागतं. पहिली दोन गाणी दणक्यात जायची. तिसऱ्याला आवाज विझत विझत नुसती गुणगुण उरायची. खोक्याला गुडघा मारला की घटकाभर परत यायचा.

"बाईमाणूस आहे रे, दमते," ढोलकीवाला अंबादास म्हणाला. हा स्वतः दर गाण्यानंतर विडी ओढायला बाहेर पळायचा.

"मी नाही दमत, ॲम्प्लिफायर दमतो. गरम झाला की आवाज जातो," वसुधा म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," राजारामने निकाल देऊन टाकला. शनिवारी मुलुंडचा मोठा कार्यक्रम होता. तिथे बेस त्याचा भाचा नंदू वाजवणार. "तू खंजिरी घेऊन उभी रव. फोटोपुरती."

चार वर्षं बोटांची सालटं काढून वसुधा बेस शिकली होती. फोटोपुरती उभी राहायला नव्हे.

बुधवारी ती एकटीच हॉलवर गेली. गिटारच्या तारा बदलल्या, वायर बदलली, भिंतीतला प्लग बदलला. आवाज गेलाच. मग तिने पेन्सिलच्या टोकाने खोक्याची पाठ ठोकायला सुरुवात केली. दुसरं यंत्र जोडायची दोन भोकं मागे होती, तिथे ठोकलं की आवाज खरखरत परत यायचा. तिने मागची फळी उघडली. भोकात एक पितळी पट्टी होती. भोक रिकामं असलं की तिच्यावरूनच आवाज पुढे जायचा. त्या पट्टीवर हिरवा गंज चढला होता.

गंज कुठून आला, ते तिला तिथल्या तिथे कळलं. प्रत्येक कार्यक्रमाआधी राजाराम नारळ फोडून गाऱ्हाणं घालायचा आणि सगळ्यांत मोठं खोकं म्हणून या ॲम्प्लिफायरवर नारळाचं पाणी शिंपडायचा. पुढचं जाळीचं कापड डागाळू नये म्हणून मागून शिंपडायचा. भक्तीची भक्ती, काटकसरीची काटकसर.

तिने त्याला हे आणि दोन भोकं वायरने जोडायचा उपाय, दोन्ही सांगून पाहिलं. तो भडकलाच. "देवाच्या पाण्यान मशीन बिघडता? उद्या म्हणशीत तीर्थान पोटात दुखता!"

शुक्रवारच्या शेवटच्या रिहर्सलला ऑर्केस्ट्राची बेस गिटार नंदूच्या गळ्यात गेली. पोरगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला आवाज विझायला लागला.

"थांबा, थांबा!" राजाराम ओरडला. "ॲम्प्लिफायर गेलो!"

अंबादास धावत जाऊन टेबलफॅन घेऊन आला. नंदू दमला, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. वसुधाच्या बाबतीत महिनोन् महिने जे कुणाला दिसलं नाही, ते नंदूच्या बाबतीत एका गाण्यात दिसलं. वसुधाला हसू आलं नाही. संतापाने तिचे कान तापले.

"तू काय ता सांगत होतंस, मागच्या भोकाचा?" राजारामने विचारलं. "ता कर बघू."

तिने पर्समधून दोन्ही टोकांना पिना असलेली वीतभर वायर काढली आणि तिची दोन टोकं मागच्या दोन भोकांत खोचली. आता आवाजाला त्या गंजक्या पट्टीवरून जायची गरज नव्हती. नंदूने तार छेडली आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. चौथं गाणं झालं, पाचवं झालं, आवाज तसाच भरभक्कम.

राजारामने भाच्याच्या पाठीवर थाप मारली. "ह्येका म्हणतत बोटांतलो जोर! पुरुषाचो हात तो पुरुषाचो हात!"

वसुधा वाकली आणि तिने वायर उपटून काढली. नंदूची बोटं चालू राहिली. खोक्यातून गुणगुण तेवढी येत होती.

"वायर माझी आहे," ती म्हणाली. वायर पर्समध्ये टाकून तिने चपला शोधल्या.

नंदूने आपणहून पट्टा गळ्यातून काढला आणि गिटार तिच्यापुढे धरली. "ताई, तूच वाजव. माझ्या बोटांत काय नाय."

तिने गिटार घेतली. वायर मात्र पर्समधून काढली नाही. ती राजारामकडे बघत उभी राहिली. त्याने अंबादासकडे पाहिलं. अंबादासला एकदम विडीची आठवण झाली.

"ॲम्प्लिफायरच बिघडलेलो," शेवटी राजाराम पुटपुटला. "तुझी काय चूक नाय होती."

"ऐकू नाही आलं, काका," वसुधा म्हणाली. "मोठ्यानं बोला."