मकोयची वाटी

"जीभ दाखव वं," रुपराव म्हणाले.

तांदूळ निवडता निवडता जिजाबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा जीभ बाहेर काढली. रुपरावांनी मोबाईलचा टॉर्च मारला. जीभ स्वच्छ, गुलाबी. गेल्या महिन्यातल्या काविळीचा मागमूस नव्हता, विषाचाही नव्हता. पण विष जिभेवर कसं दिसतं, हे रुपरावांना ठाऊक नव्हतं.

"डोळ्यापुढं मुंग्या-गिंग्या दिसून राहिल्या का?"

"मुंग्या तांदळात आहेत. तुमाले काय झालं आज?"

"काही नाही. मकोयचा गुण पाहून राहिलो."

डॉक्टरांनी फक्त आराम आणि साधं जेवण सांगितलं होतं. पण डॉक्टरांचं वय जेमतेम तीस, तेव्हा रुपरावांनी ते मनावर घेतलं नव्हतं. लिव्हरवर मकोयच, रानातली ती बारकी काळी फळं. बालपण खाप्याला, कन्हान नदीच्या काठावर गेल्यामुळे प्रत्येक झुडूप आपल्याला नावानिशी ओळखतं, असा त्यांचा समज होता. झुडपांचं मत कोणी घेतलं नव्हतं. सकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटमधून त्यांनी फळं तोडली, वाटीभर जिजाबाईंना दिली, उरलेली रुमालात बांधली. वाटी रिकामी परत आली.

"गोड होती," त्या म्हणाल्या होत्या.

मग कौतुकानं फळांचा फोटो पुण्याला मुलीला, मिनलला गेला. मिनलनं तो कुठल्याशा ॲपला दाखवला. ॲप म्हणालं, विषारी असू शकतं. 'बाबा, आईनं खाल्ली नाही ना?' रुपरावांनी 'नाही' लिहिलं, वर अंगठा पाठवला. मग मोबाईलचा टॉर्च लावून ते जिजाबाईंकडं वळले.

दुधाचं निमित्त करून ते इतवारीच्या बाजारात आले. फुटपाथवर जडीबुटीच्या मुळ्या-सालींचे ढीग मांडून बसणाऱ्या अंजनाबाईंपुढं त्यांनी रुमाल सोडला.

"मकोयच हाय, काकाजी. घोसात लागते, पिकली का काळी होते."

रुपरावांनी श्वास सोडला.

"पण अर्धी हिरवीच हायेत! हिरवी खाते का कोणी? उलट्या लागते, चक्कर येते. दिसलं नाही तुमाले?"

"चष्मा घरी होता."

चष्मा खिशात होता. पण कन्हानकाठच्या माणसानं मकोय चष्मा लावून तोडायची?

"घरच्या बाईले देल्ली का? मंग सीधं दवाखान्यात न्या. अन् तुमी खाल्ली होती का आधी?"

"मी काहून खाऊ? बिमार ती हाय."

अंजनाबाईंनी रुमालाची गाठ मारून तो परत सरकवला.

"देणाऱ्यानं आधी खावं लागते, काकाजी. बिमार माणूस पाहत असते."

ई-रिक्षात रुपरावांनी ती गाठ सोडली. काळी, हिरवी निवडत बसले नाहीत. वाटीत तरी कुठं निवडून दिली होती? शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरीनं आपली बॅग जरा दूर घेतली.

जिजाबाई तुळशीपाशी माती उकरत होत्या.

"चाल, दवाखान्यात जाऊ," रुपराव दारातूनच म्हणाले. "सकाळच्या मकोयमधी हिरवी होती. मले दिसलं नाही."

"मले दिसलं ना." त्यांनी खुरप्यानं कुंडीतली माती बाजूला केली. सकाळची फळं तिथं जशीच्या तशी होती.

"अन् गोड होती म्हणे!"

"एवढ्या हौसेनं तोडली तुमी. काय म्हणू मंग?" जिजाबाईंनी माती परत सारखी केली. "आमच्या भिवापुरात औषध देणारा आधी सोता खाते. तुमी नाही खाल्ली, मीबी नाही खाल्ली."

रुपराव उंबऱ्यावरच बसले आणि हसायला लागले. सकाळपासून अडकलेलं सगळं हसू एकदम सुटलं.

जिजाबाईही हसणार होत्या. पण त्यांचं लक्ष रुपरावांच्या हातातल्या रुमालाकडं गेलं. त्यात नुसते देठ होते. खुरपं खाली ठेवून, हात न धुताच त्या जवळ आल्या.

"जीभ दाखवा," त्या म्हणाल्या.