आक्का उतरणार कुठं?

चिंतामण म्हणजे बसथांब्यावरच्या बाकाला ‘रंग ओला आहे’ अशी पाटी अडकवून, स्वतः एकटा ऐसपैस पाय पसरून बसणारा माणूस. पन्नाशी उलटली, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, पोरगी आभा कॉलेजात गेली, तरी खोड काही जाईना.

पण त्या रविवारी गडी खोड्या विसरून घरभर नाचत होता. नामपूरहून त्याची थोरली बहीण नवसाबाई आली होती, आणि शुक्रवारी पहाटे तिला घेऊन सगळे दिवेआगरला निघणार होते. आक्कानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. याआधी दोनदा बेत झाला, दोनदा तिनं ऐनवेळी टांग मारली. एकदा कांदा काढणीला आला, एकदा म्हैस व्यायला. या खेपेला चिंतामणनं सगळ्या गल्लीत सांगून टाकलं होतं, आक्का नाही तर गाडीला चावी नाही.

आता राहिलं होतं एकच. उतरायचं कुठं?

“आत्या, हे बघ हॉटेल. बीचसमोरच आहे,” आभानं मोबाइल पुढं धरला.

आक्कानं चष्मा नाकावर ढकलला. “हाटेल? हाटेलमा तं भजी खातस, चहा पितस नि उठतस. तठे झोपतस का कोनी?”

“अगं, झोपायचं पण असतं. लॉजसारखं.”

“लॉज!” आक्का ताडकन सरळ झाली. “नाव बी काढू नको, पोरी. पोलीस धाड घालतस तठे.”

“बरं, मग रिसॉर्ट?”

“तठे आमदार लपाडतस. टीव्हीवर देखं मी.”

चिंतामण पोट धरून हसला, पण आतून चरकला. ही लक्षणं त्याच्या ओळखीची होती. आणखी दोन ‘नाही’ झाले की आक्का पिशवी उचलून नामपूरची एसटी गाठणार. त्याच्या मनात कधीचा भरलेला होता तिथला एक होमस्टे. नारळाची बाग, दोन खोल्या, आणि वेगळं स्वयंपाकघर. गॅस, भांडी, सगळं तयार. ताजी मासळी आणायची, आपणच तळायची, आपणच खायची.

“आपण म्हणजे कोण हो?” शैलानं, त्याच्या बायकोनं, दुपारीच विचारलं होतं. त्यानं ते ऐकलंच नव्हतं.

आता त्याच्या डोक्यात किडा वळवळला. परकं घर म्हटलं तर आक्का येणार नाही, पण घरचं म्हटलं तर?

“आक्का, तुला खरं सांगू का?” तो आवाज खाली आणून म्हणाला. “आपण हॉटेलात नाही न् लॉजवर नाही. आपण पाहुण्यांकडे उतरणार. शैलाच्या मावसबहिणीची सासू आहे ना, तिचं घर आहे दिवेआगरला. सारखा फोन करते बिचारी, या म्हणून.”

शैलाला चहाचा असा ठसका लागला, की आभाला तिची पाठ थोपटावी लागली. मावसबहिणीची सासू येवल्यात पैठणीच्या दुकानासमोर राहत होती.

“पाव्हना?” आक्का म्हणाली.

“अगदी घरचे!”

“किती मानसं शेतस घरमा?”

“सात-आठ असतील.”

“चूल शे का गॅस?”

“गॅस! मोठ्ठं सैपाकघर आहे, आक्का.” चिंतामणला जोर चढला. “तुला अगदी नामपुरासारखं वाटेल बघ!”

त्यानं आभाला डोळा मारला. पटली, म्हातारी पटली! आक्का उठली. कोपऱ्यातली पिशवी घेतली, दोरीवरचं लुगडं काढून घडी केली आणि पिशवीत घातलं.

“अगं, शुक्रवारी निघायचंय. आत्ताच काय भरतेस?”

“मी घर जास. तुम्ही जाई या.”

चिंतामणचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “आक्का! का गं?”

“का म्हंजे?” आक्कानं कमरेवर हात ठेवला. “लगीनले गऊ, पोया लाट्यात. बारसाले गऊ, भांडा घास्यात. तुना सासरवाडीले एक डाव गऊ, तं पापडना उंडा हातमा दिधा. पाव्हनाना घर बाईले कोनी बसू देस का? आते समुद्र देखाले जाऊ, आनि तठे बी आठ मानसंसना पोया? नही बा. माले काय समुद्र तव्यामा दिसाव शे?”

शैला टाळी वाजवून ओरडली, “आक्का! अहो, मी दुपारपासून हेच सांगतेय यांना!”

चिंतामण खुर्चीत बसला. मग उठला. थापा मारण्यात ज्याचा हात धरणारा कारखान्यात कोणी नव्हता, तो कान पकडून बहिणीसमोर उभा राहिला.

“आक्का, थाप मारली. कोणी सासू नाही न् कोणी पाहुणे नाहीत. पैसे देऊन राहायची जागा आहे.”

आक्काचा पिशवीतला हात तिथंच थांबला.

“पैसा देवाना?”

“हो.”

“मंग चहा कोन करी?”

“हॉटेलात उतरलो तर तेच करतात. खोलीत आणून देतात.”

“जेवन?”

“तेच.”

“आनि ताट?”

“उचलतात पण तेच, आत्या,” आभा म्हणाली. “गादी पण तेच घालतात.”

आक्कानं लुगडं पिशवीतून काढून पुन्हा दोरीवर टाकलं. “मरीजाओ! हाटेल म्हंजे हाई शे, हे आधी सांगाले तुनं तोंड शिवेल व्हतं का रे, चिंत्या?”

मग जी धमाल उडाली! आक्का एका बाजूला, शैला दुसऱ्या बाजूला, मध्ये मोबाइल घेऊन आभा. फोटोत ओटा दिसला, की जागा बाद. चिंतामणची नारळबाग पहिल्याच फटक्यात उडाली. “नुसती किटली ठेवलीय, चहा आपला आपण करायचा,” असं एका ठिकाणी दिसलं, तेही बाद. शेवटी समुद्रासमोरचं एक हॉटेल उरलं. चिंतामणनं फोन लावला, तर आक्कानं तो हातातून हिसकावला.

“दादा, तुमनं सैपाकघर कोठे शे?”

पलीकडचा माणूस गडबडला. “मागच्या बाजूला आहे, आजी. पण गेस्टना आत जायला परवानगी नाही हां.”

“वा रे मना भाऊ!” आक्का इतक्या जोरात ओरडली, की शेजारचे खिडकीत आले. “पक्कं कर! दोन खोल्या!”

फोन ठेवून ती दिवाणावर आडवी झाली, उशी मानेखाली घेतली. शैलाही दुसऱ्या टोकाला टेकली.

“चिंत्या,” आक्का छताकडं बघत म्हणाली, “दोन चहा आन. शुक्रवारपावत माले सवय व्हवाले पाहिजे.”

“आलं घालून,” शैला म्हणाली.

“साखर कुठं असते गं?” आतून चिंतामणचा आवाज आला. त्याला उत्तर द्यायला कोणीही उठलं नाही.